फी सांगता, तसे चेहरेही सांगा

मिरा-भाईंदरमधील मेकअप अकादमींच्या संचालकांना खुले पत्र



निकाल लागले की तुमच्या दारात मुलींची आणि त्यांच्या आयांची ये-जा वाढते. मिरा रोडच्या शांतीनगरपासून भाईंदर पश्चिमेच्या साठ फुटी रस्त्यापर्यंत हे दृश्य दर वर्षी दिसतं. एका अकादमीत फी विचारायची, माहितीपत्रक घ्यायचं, रिक्षा करून दुसरीकडे जायचं, तिथली फी विचारायची आणि रात्री जेवताना वडिलांना दोन्ही आकडे सांगायचे. यातल्या काही मुली नंतर माझ्याकडे येतात. नवऱ्या सजवणं आणि नाटकांची रंगभूषा करणं हे काम मी या शहरात बरीच वर्षं करते आहे, म्हणून येतात. विचारतात एवढंच : "ताई, कुठे शिकू?"

मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही. तुमच्या माहितीपत्रकातून मला जे कळायला हवं ते कळतच नाही, म्हणून हे पत्र मुलींना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्या पत्रकात फी असते, महिने असतात, किटमध्ये कोणत्या कंपनीच्या वस्तू मिळतील ते असतं. पदवीदानाला कोण नामवंत येणार त्यांचा फोटो असतो. शेवटच्या दिवशीच्या फोटोशूटचं आश्वासन असतं. नसतं ते एवढंच : ही मुलगी तीन किंवा सहा महिन्यांत स्वतःच्या हातांनी किती जणींचे चेहरे करेल, आणि ती करत असताना तिच्या बाजूला कोण उभं असेल. आमच्या धंद्यात ज्याला खरोखर शिकणं म्हणतात ते या दोन गोष्टींत आहे. बाकीचं पुस्तकात मिळतं, मोबाइलवर मिळतं, फुकट मिळतं.

हे मी का म्हणते ते एका नवरीवरून सांगते. आपल्याकडच्या मराठी लग्नात हळद आदल्या संध्याकाळी लागते, कधी त्याच सकाळी. मुहूर्त सकाळचा असला तर मेकअपवाली पहाटे हॉलवर पोचते तेव्हा नवरीच्या चेहऱ्यावर हळद मुरलेली असते. साबणाने तोंड धुतलं की वरची जाते, पण हळदीचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. कपाळावर केस सुरू होतात त्या रेषेत, भुवयांच्या मुळांशी, नाकपुड्यांच्या कडेला आणि कानामागे पिवळेपणा राहून जातो. क्लासमध्ये स्वच्छ धुतलेल्या मॉडेलवर शिकलेली मुलगी सवयीने जबड्याच्या कडेवर फाउंडेशनच्या तीन रेघा ओढते आणि जी रेघ मिसळून जाते तिची छटा घेते. ती छटा हळदीशी जुळलेली असते, नवरीच्या कातडीशी नाही. फोटोत चेहरा एका रंगाचा आणि हात-खांदे दुसऱ्या रंगाचे येतात. ज्या मुलीने हळदीनंतरचे आठ-दहा चेहरे कोणाच्या तरी देखरेखीखाली केलेले असतात, ती आधी क्लेंझिंग ऑइल किंवा साधं खोबरेल घेऊन केसांच्या कडेने हलक्या बोटांनी फिरवते, कापसाने टिपते, पुन्हा फिरवते. मग ब्लाउजच्या कडेला, जिथे हळद पोचलेली नाही तिथे रंग पाहते आणि नवरीला खिडकीशी नेऊन खात्री करते. हे कोणत्याही प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं. ते एकदा चुकलं आणि शेजारच्या बाईने वेळेत हात धरला, की आयुष्यभर लक्षात राहतं.

त्यानंतर मुंडावळ्या येतात. त्यांच्या सरी दोन्ही बाजूंनी कानशिलांवर आणि गालांवर घासत राहतात आणि तिथला बेस हळूहळू उडतो. लाजाहोमाचा धूर थेट डोळ्यांत जातो. पाणी आतल्या कोपऱ्यातून येतं, तेव्हा नवरी पदराने डोळे पुसायला जाते. तिला आधीच सांगून ठेवावं लागतं की पुसायचं नाही, टिश्यूची घडी कोपऱ्याला नुसती टेकवायची. डोक्यावर पडलेल्या अक्षता केसांच्या स्प्रेमुळे चिकटून बसतात आणि फोटोच्या आधी एकेक वेचाव्या लागतात. आणि मे महिन्यात, खाडीकाठच्या या दमट हवेत, हॉलच्या मागच्या खोलीत एसी असेलच असं नाही. तुमच्या वातानुकूलित वर्गात रिंगलाइटखाली बसलेल्या मॉडेलला यातलं काहीच होत नाही.

मराठी नवरी ही या शहरातली एक नवरी झाली. उत्तन-डोंगरीला दुपारच्या मिस्सेला पांढऱ्या गाऊनमध्ये चर्चच्या दारात उभी राहणारी नवरी असते. तिच्यावर सूर्य असतो आणि समुद्राचा खारा वारा असतो. नयानगरमध्ये निकाह आणि वलीमा दोन्हींना वेगळा चेहरा हवा असतो. भाईंदर पश्चिमेला गुजराती-राजस्थानी घरांत पानेतर आणि घरचोळ्याचा पांढरा-लाल पाहून ओठांचा रंग ठरतो. उत्तर भारतीय लग्नं रात्री उशिरापर्यंत हॅलोजनखाली चालतात. उत्तनच्या कोळणी उन्हात काम करतात, त्यांच्या कातडीचा सावळेपणा मुळातच लालसर-तांबूस असतो. त्यावर गोऱ्या कातडीची पावडर बसवली की चेहरा राखाडी दिसतो, आणि त्या बायका तसं तोंडावर सांगतातही. एवढ्या प्रकारच्या माणसांचं शहर तुमच्या दाराबाहेर असताना तुमच्या पानांवर आणि फलकांवर मला एकाच रंगाच्या मुली दिसतात, गोऱ्या किंवा गोऱ्या केलेल्या. याचं मला मनापासून वाईट वाटतं. सावळ्या चेहऱ्याला चार छटा उजळ करायला शिकवणं म्हणजे त्या विद्यार्थिनीला तिच्या स्वतःच्या आईचा चेहरा करायला न शिकवणं आहे. गडद कातडीवर काम करायला हात जास्त तयार लागतो. तिथे कन्सीलरच्या आधी डोळ्यांखालच्या निळसर-करड्या भागावर केशरी करेक्टर किती पातळ लावायचा याचा अंदाज लागतो, आणि तो अंदाज चार गोऱ्या मॉडेल करून येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की तुम्ही मुलींना 'मेकअप आर्टिस्ट' हे एकच काम असल्यासारखं सांगता. प्रत्यक्षात ही तीन-चार वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचं शिकणं निराळं आहे. भाईंदरच्या पुढचं स्टेशन नायगाव. तिकडे आणि घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मालिकांचे सेट लागतात, आणि त्यावर काम करणारी कितीतरी माणसं मिरा रोडला भाड्याने राहतात. सकाळच्या पहिल्या गाड्यांत ब्रशचा पट्टा आणि पेटी घेतलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मालिकेच्या सेटवर बारा तासांची शिफ्ट असते. तिथे नवरीसारखं दोन-तीन तास कोणी देत नाही. ठरलेल्या वेळेत कलाकार कॅमेऱ्यासमोर हवा. पण तिथली खरी कसोटी सातत्याची असते. आज दुपारी कपाळावर काढलेली जखम पुढच्या आठवड्यात पुन्हा काढायची असते, कारण त्याच प्रसंगाचा उरलेला भाग तेव्हा चित्रित होणार असतो. ती डाव्या भुवईपासून किती बोटं वर होती, रक्त सुकलेलं होतं की ओलं, टिकली अर्धचंद्र होती की गोल, हे सारं फोटोत आणि वहीत नोंदवलेलं असावं लागतं. माझ्या ओळखीची एक मुलगी महागडा ब्रायडल कोर्स करून सेटवर गेली आणि पहिल्याच आठवड्यात रडत परत आली. तिच्या हातात कला होती. नोंद ठेवायची असते हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय मालिकांच्या कामाचे पैसे बऱ्याचदा नव्वद दिवसांनी येतात. तोपर्यंत पास, जेवण आणि भाडं कुठून भरायचं याचाही विचार प्रवेश घेण्याआधी व्हायला हवा.

नाटकाचं पुन्हा तिसरंच. तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे दिसायला हवेत आणि पहिल्या रांगेतल्याला रंग दिसायला नको. मिशी लावायची तर क्रेप हेअर आधी ओलं करून सरळ करावं लागतं, स्पिरिट गम ओठाच्या वर लावून थोडा चिकट होऊ द्यावा लागतो, केस खालून वर थरांनी बसवावे लागतात आणि मग कात्रीने आकार द्यावा लागतो. घाई केली की दुसऱ्या अंकात महाराजांची दाढी एका बाजूने सुटते. आता महाजनवाडीला भारतरत्न लता मंगेशकर नाट्यगृह आहे. तिथे प्रयोगाच्या आधी रंगभूषाकार कसं काम करतो ते नुसतं कोपऱ्यात उभं राहून पाहण्यासाठी तुमच्यापैकी किती जणांनी विद्यार्थिनींना नेलं? नाटकवाल्यांना विचारलं तर ते नाही म्हणत नाहीत, हा माझा अनुभव आहे. शिस्तीने बसायचं आणि आरशासमोर उभं राहायचं नाही, एवढीच त्यांची अट असते.

चित्रपटसृष्टीचं नाव तुम्ही जाहिरातीत सढळ हाताने वापरता, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. या क्षेत्रात मराठी माणसांचं काम फार मोठं आहे. ज्यांना सगळे पंढरीदादा म्हणत ते पंढरी जुकर बाबा वर्दम यांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे त्यांच्या हाताखाली दुसरे तयार झाले. २०२० साली पंढरीदादा गेले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत रंगभूषेचा स्वतंत्र पुरस्कार २००६ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि तो पहिला पुरस्कार 'ट्रॅफिक सिग्नल'साठी अनिल मोतीराम पालांडे यांना मिळाला. विक्रम गायकवाड यांना २०११ च्या चित्रपटांसाठी 'बालगंधर्व' आणि 'द डर्टी पिक्चर' या दोन्हींबद्दल तो मिळाला. मे २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. 'बालगंधर्व'मधला सुबोध भावे यांचा चेहरा मुलींना पडद्यावर थांबवून थांबवून दाखवा. पुरुषाच्या जबड्यावर आणि भुवयांवर किती संयमाने काम केलं आहे, ते एका तासात जेवढं शिकवेल तेवढं आठवड्याभराचं व्याख्यान शिकवणार नाही.

या यादीत बायका का नाहीत, असं मुली मला विचारतात. त्याचं उत्तरही त्यांना तुमच्या वर्गात मिळायला हवं. मुंबईच्या चित्रपट उद्योगात वेशभूषा, रंगभूषा आणि केशरचना करणाऱ्यांच्या संघटनेने कित्येक दशकं बायकांना मेकअपचं सभासदत्व दिलं नाही. बायकांनी केस करायचे, चेहरा पुरुषाने करायचा, अशी वाटणी होती. चारू खुराना लॉस एंजेलिसच्या सिनेमा मेकअप स्कूलमधून शिकून आल्या, तरी त्यांना संघटनेचं कार्ड नाकारलं गेलं. एक कारण त्या स्त्री असण्याचं आणि दुसरं महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्य नसल्याचं. त्या आणि त्यांच्यासोबतच्या बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने स्त्रियांना मज्जाव करणारा नियम आणि वास्तव्याची अट दोन्ही घटनाबाह्य ठरवून रद्द केल्या. म्हणजे आज बारावी झालेल्या तुमच्या विद्यार्थिनीला ही वाट मिळून फार वर्षं झालेली नाहीत. तिची आई तिच्या वयाची होती तेव्हा त्या आईला, हात कितीही चांगला असता, चित्रपटात मेकअपचं कार्ड मिळालं नसतं.

या खटल्यातून आणखी एक गोष्ट कळते आणि ती प्रवेशाच्या वेळी सांगायला हवी. जगातल्या नावाजलेल्या शाळेचं प्रमाणपत्रसुद्धा आपोआप कार्ड देत नाही. कार्ड संघटना देते, तिच्या नियमांनी आणि तिच्या शुल्काने. 'आमचा कोर्स केला की थेट बॉलिवूड' असं जिथे लिहिलेलं असेल, तिथे कृपा करून ते काढून टाका. मुली त्यावर खरोखर विश्वास ठेवतात. वडील त्यावर विश्वास ठेवून भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतात.

परदेशी नावांचंही तेच. सिडेस्को ही १९४६ पासूनची मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय संस्था आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिचं मूळ काम त्वचेची निगा आणि सौंदर्योपचार हे आहे. ज्या मुलीला क्रूझवर किंवा मोठ्या स्पामध्ये नोकरी करायची आहे तिला त्याचा उपयोग होईल. जिला नायगावच्या सेटवर किंवा भाईंदरच्या हॉलमध्ये काम करायचं आहे तिने त्यासाठी कर्ज काढावं का, हे तुम्ही तिला प्रामाणिकपणे सांगायला हवं. आणि 'शासनमान्य' हा शब्द लिहिताना कोणत्या शासनाने काय मान्य केलं आहे तेही लिहा. दुकानाची नोंदणी शासनाकडे होते, एमएसएमईची नोंदणीही होते. त्याने अभ्यासक्रम शासनमान्य होत नाही.

शासनाचा खरा अभ्यासक्रम आहे आणि तो तुम्ही मुलींना सांगत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी उत्तीर्ण मुलीला तो घेता येतो आणि शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. सरकारी संस्थेतली फी तुमच्या एका मास्टरक्लासपेक्षाही कमी असते. त्यात त्वचा, केस, हात-पाय, स्वच्छता आणि मेकअप सगळं येतं. मेकअपचा भाग खोल नसतो हे मान्य, पण कातडीची समज पक्की होते. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलने मेकअप आर्टिस्टची स्वतंत्र भूमिका ठरवून तिचं मूल्यमापन ठेवलं आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली सलूनला शिकाऊ उमेदवार घेता येतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं. आधी वर्षभर आयटीआय, मग तुमच्याकडचा दोन महिन्यांचा फक्त मेकअपचा कोर्स आणि मग एखाद्या कामातल्या बाईच्या हाताखाली दोन हंगाम. ज्या घरात पैसे मोजून आहेत त्या घरच्या मुलीला मी हाच रस्ता सांगते. तुमच्या धंद्याचं यात नुकसान आहे असं मला वाटत नाही. पायाभूत शिकून आलेली मुलगी तुमच्याकडे दोन महिन्यांत जे उचलेल, ते कोरी मुलगी सहा महिन्यांत उचलत नाही. शेवटी तुमचंच नाव होईल.

पैशांबद्दल लिहिताना मला जरा कडक लिहावं लागेल. दीड लाखाची फी सांगितली जाते आणि पावती करताना अठरा टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एक लाख सत्त्याहत्तर हजार. हे आधी का सांगितलं जात नाही? किट कधी फीमध्ये धरलेलं असतं, कधी नसतं, आणि जे मिळतं त्यात एका छटेचं फाउंडेशन आणि कधीच न लागणारी बारा रंगांची पॅलेट असते. सर्वांत वाईट मला 'शून्य व्याजाच्या हप्त्यां'चं वाटतं. ते कर्ज अकादमी देत नसते, फायनान्स कंपनी देत असते. मुलीच्या घरात काही झालं, तिला दोन आठवड्यांत सोडावं लागलं, किंवा शिकवणारी मॅडमच निघून गेली, तरी हप्ता चालूच राहतो आणि मुलीच्या बापाचं नाव कर्जदारांच्या यादीत खराब होतं. माझ्याकडे आलेल्या एका आईने मला विचारलं की क्लास बंद पडला तरी बँकेतून पैसे कसे जातात. तिला मी काय सांगणार होते? अर्धवट सोडल्यास किती पैसे परत आणि किती दिवसांत, हे पावतीच्या मागे मराठीत छापा. पालकांनाही मी सांगत असते की पावती आणि जाहिरात दोन्ही जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही. पण हे दार कोणाला ठोठवावं लागू नये, अशी माझी इच्छा आहे.

आता स्वच्छता. यावर मी आग्रह सोडणार नाही. मस्काराची एका मुलीच्या पापणीला लावलेली कांडी पुन्हा नळीत घालून दुसरीला लावताना मी प्रशिक्षणाच्या वर्गात पाहिलं आहे. शिकवणाऱ्या बाईसमोर. डोळे येण्याची साथ पावसाळ्यात आपल्याकडे दर वर्षी असते आणि ती अशीही पसरते. लिपस्टिक कांडीवरून थेट ओठाला लावायची नाही, चमच्याने खरवडून पॅलेटवर घ्यायची आणि ब्रशने लावायची. मस्काराला एकदा वापरून फेकायच्या कांड्या घ्यायच्या. ब्रश प्रत्येक चेहऱ्यानंतर अल्कोहोलने पुसायचा आणि रोज रात्री साबणाने धुऊन उभा न ठेवता आडवा वाळवायचा, नाहीतर पाणी दांड्यात उतरून केस सुटतात. स्पंज दुसरीला वापरायचा नाही. वस्तूवर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत आहे ना ते पाहायचं आणि सुट्या डब्यातली बिननावाची उजळ करणारी क्रीम हातात धरायची नाही, कारण अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. परीक्षेत यासाठी वेगळे गुण ठेवा आणि यात नापास झालेल्या मुलीला, बाकी कितीही सुंदर डोळे काढले तरी, प्रमाणपत्र देऊ नका.

तुम्हाला मॉडेल मिळत नाहीत, मॉडेलला पैसे द्यावे लागतात, म्हणून चेहरे कमी होतात, असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. हे मला पटत नाही. डिसेंबर-जानेवारीत या शहरातल्या शाळांची स्नेहसंमेलनं असतात. एकेका शाळेत शे-दीडशे मुलांचे चेहरे दोन तासांत करायचे असतात आणि शिक्षक पदर खोचून स्वतः काजळ लावत असतात. तिथे तुमच्या दहा विद्यार्थिनी पाठवा. लहान मुलांच्या नाजूक कातडीवर किती कमी लावायचं, रडणाऱ्या मुलाला कसं बसवायचं, वेळ कशी सांभाळायची, सगळं एका संध्याकाळी कळतं. श्रावणात मंगळागौरीच्या बायकांचे गट असतात. नऊवारीतल्या पंधरा-वीस बायका, प्रत्येकीचं वय वेगळं, कातडी वेगळी, आणि खेळताना घाम येणारच. शिवजयंतीला मावळे आणि जिजाऊ असतात. हौशी नाट्यसंस्था राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात, त्या स्पर्धेत रंगभूषेला बक्षीसही असतं, आणि या संस्थांकडे रंगभूषेला देण्यापुरते पैसे बहुधा नसतात. त्यांना तयार हात हवे आहेत आणि तुमच्या मुलींना चेहरे. ज्येष्ठ नागरिक संघातल्या आज्यांना विचारा. सुरकुत्यांवर पावडर साचू न देता काम कसं करायचं हे शिकवणारी मॉडेल तुम्हाला पैसे देऊन मिळणार नाही, आणि आज्यांना कोणीतरी हात लावून, प्रेमाने, आरशासमोर बसवलेलं आवडतं.

म्हणून माझं मागणं असं आहे. तुमच्या दारावरच्या फलकावर फीच्या शेजारी चेहऱ्यांचा आकडा लिहा. प्रत्येक विद्यार्थिनी स्वतःच्या हातांनी किती पूर्ण चेहरे करेल, त्यातले किती सावळ्या आणि गडद कातडीचे, किती पन्नाशीपुढच्या बायकांचे, किती बाहेरच्या उजेडात आणि किती घड्याळ लावून. शिकवणारी बाई गेल्या वर्षभरात स्वतः कुठे कामाला गेली होती तेही लिहा. कारण पाच वर्षांत सेटवर पाऊल न ठेवलेली बाई आजच्या कॅमेऱ्यासाठी काय शिकवणार? एका शिक्षिकेमागे किती मुली तेही लिहा. आठ मुलींमागे एक असेल तर हात धरता येतो. पंचवीस मुलींमागे एक असेल तर ती फक्त बोलू शकते. मुलीला फी भरण्याआधी एक पूर्ण दिवस वर्गात बसू द्या, रिबीन लावलेल्या डेमोच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी. आणि प्रमाणपत्रासोबत तिला तिच्या नोंदींची वही द्या, ज्यात प्रत्येक चेहऱ्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो, तारीख, वापरलेल्या वस्तू आणि शिक्षिकेचा शेरा असेल. फोटोशूटच्या चकचकीत अल्बमपेक्षा ती वही घेऊन आलेल्या मुलीला मी माझ्या हाताखाली लगेच घेईन, आणि माझ्यासारख्या काम करणाऱ्या इतर जणीही घेतील, कारण आम्हाला दर हंगामात मदतनीस लागतात आणि पिन कुठे खोचायची हेही सांगावं लागणाऱ्या मुली मिळतात.

तुमच्यात मनापासून शिकवणारी माणसं आहेत हे मला माहीत आहे. एक बाई आपल्या छोट्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एका वेळी चारच मुली घेते आणि रविवारी त्यांना स्वतःच्या नवरीच्या कामाला नेते. तिचा फलक नाही, म्हणून मुली तिच्यापर्यंत पोचत नाहीत. मोठे फलक असलेल्यांनी हा पायंडा पाडला तर अशा बायकांचीही वर येण्याची वाट मोकळी होईल.

या दिवाळीनंतरच्या तुकडीपासून जी अकादमी चेहऱ्यांचा आकडा लिहायला तयार असेल, तिच्या शेवटच्या परीक्षेला मी परीक्षक म्हणून येईन. मानधन नको. मॉडेल मात्र मी आणेन आणि त्या कोण असतील ते आधी सांगणार नाही. त्यात एखादी उत्तनची बाजारातून थेट आलेली असेल, एखादी सत्तरीची असेल, आणि एकीच्या चेहऱ्याला आदल्या रात्रीची हळद असेल. तारीख कळवा.

आपली,
शहरातली एक रंगभूषाकार
मिरा रोड (पूर्व)